आगोट आणि पुरवठा साखळी : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात
(प्रस्तावना)

माल जेथे तयार होतो किंवा साठवला जातो, तेथून तो ज्याच्या उपयोगाचा आहे त्याच्या हाती पडेपर्यंत त्याला जितक्या गोदामांतून, वाहनांतून, हातांतून आणि नोंदवह्यांतून जावे लागते, त्या सगळ्या व्यवहाराला व्यवस्थापनशास्त्राने पुरवठा साखळी असे नाव दिले असले, तरी मराठीला ही गोष्ट नवी नाही. लष्करी व्यवहारात तिला रसद म्हणत, आणि १७६१ च्या पानिपताचे कोणतेही विवेचन रसद तुटल्याच्या उल्लेखाशिवाय पुरे होत नाही. घरगुती व्यवहारात तिचे नाव बेगमी. कोकणपट्टीत या बेगमीला तिचा स्वतःचा ऋतूही आहे : मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असतो त्या काळाला तेथे आगोट म्हणतात, आणि त्या दिवसांत धान्य, मीठ, मिरची, सुकी मासळी, सरपण असे चार महिन्यांचे सामान घरात भरून ठेवण्यालाही लोक आगोट भरणे असेच म्हणतात. नवे शास्त्र ज्याला सुरक्षित साठा म्हणते, म्हणजे पुरवठा खंडित झाला तरी गरज भागावी म्हणून राखलेली शिल्लक, तो आगोटीच्या मागे उभा असलेला विचारच होय. फरक इतकाच की घरातील बाई हे गणित कणगीकडे पाहून मांडते आणि शासनाला ते फायलीतून मांडावे लागते. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांच्या पुरवठ्याचा विचार करताना ही दोन गणिते एकमेकांशी जुळतात की नाहीत, हाच प्रस्तुत विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

सह्याद्रीच्या पश्चिम उतरणीवर वसलेले हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर नव्या पालघर जिल्ह्यात आले. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती, आणि दोन्हीकडे वारली, कोकणा, कोळी महादेव, ठाकूर, कातकरी अशा आदिवासी समाजांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. एकेकाळी मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी असलेले जव्हार गाव मुंबईपासून रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास आणि नाशिकपासून ऐंशीच्या आसपास आहे, म्हणजे ते आडबाजूचे असले तरी दूरचे नाही. किनाऱ्याकडून त्र्यंबकेश्वराकडे चढणारी वाट जुनी असून, १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराजांनी जव्हारजवळ शिरपामाळावर मुक्काम केल्याची परंपरा आजही सांगितली जाते. त्यामुळे येथील पुरवठ्याच्या अडचणींचे खापर केवळ अंतरावर फोडता येत नाही. अडचण आहे ती मुख्य रस्ता संपल्यानंतरच्या चार-सहा किलोमीटरांची, आणि त्याहून अधिक, त्या चार-सहा किलोमीटरांवरून माल कोणत्या तारखेला जातो याची.

पावसाळ्यात येथे सरासरी अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वाघ, पिंजाळ आणि वैतरणेला मिळणारे ओहोळ भरून वाहतात, आणि गावापासून तुटलेल्या पाड्यांची वाट काही दिवस बंद होते. नेमक्या याच काळात, म्हणजे आषाढापासून भाद्रपदापर्यंत, मागच्या हंगामाची नागली, वरई आणि भात कणगीतून संपलेले असतात, नवे पीक शेतात उभे असते, आणि लावणीच्या अतिश्रमामुळे शरीराची गरज वर्षातील सर्वांत मोठी असते. गरज सर्वाधिक, घरचा साठा सर्वांत कमी आणि वाट बंद, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी येण्याचा परिणाम १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंच्या रूपाने महाराष्ट्रासमोर आला. त्यानंतर १९९५ मध्ये शासनाने नवसंजीवनी योजना आणली आणि आरोग्य, पोषण, रोजगार व धान्यपुरवठा यांची एकत्र जुळणी करताना दुर्गम आदिवासी गावांतील रास्त भाव दुकानांत पावसाळ्याआधीच पुढील महिन्यांचे धान्य पोहोचवून ठेवण्याची तरतूद केली. शासनदरबारी या तरतुदीला कोणतेही नाव असो, तत्त्वतः ती सरकारने भरलेली आगोट होती, आणि ज्यांनी ती सुचवली त्यांना या प्रदेशाचे पंचांग नीट वाचता आले होते असेच म्हणावे लागेल.

धान्याच्या पोत्याचा प्रवास जरा जवळून पाहण्यासारखा आहे. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून निघालेला तांदूळ तालुक्याच्या शासकीय गोदामात येतो, तेथून द्वारपोच योजनेखाली, म्हणजे वाहतुकीचा भार दुकानदारावर न टाकता शासनाच्या खर्चाने, रास्त भाव दुकानापर्यंत जातो, आणि तेथे शिधापत्रिकाधारकाने यंत्रावर अंगठा ठेवला की त्याची नोंद होऊन व्यवहार पूर्ण झाल्याचे समजले जाते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा असून महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून अमलात आला. त्यानुसार प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीस महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. कागदावरील साखळी अंगठ्याच्या ठशापाशी संपते. प्रत्यक्षातील साखळी तेथून पुढे पाड्याच्या चुलीपर्यंत जाते, आणि ३५ किलोचे ओझे डोक्यावर घेऊन ओहोळ ओलांडणे एका खेपेत जमत नसल्याने बाईला बहुधा दोनदा यावे लागते, किंवा एक दिवसाची मजुरी सोडून घरातील दुसऱ्या माणसाला बरोबर आणावे लागते. व्यवस्थापनशास्त्रात ज्याला अखेरचा टप्पा म्हणतात आणि ज्याचा खर्च एकूण वाहतुकीत सर्वांत जास्त असतो असे मानतात, तो टप्पा येथे कोणाच्याच खर्चात धरलेला नाही, कारण तो डोक्यावरून पार पडतो.

यंत्रे आली तेव्हा त्यांनी एक मोठे काम निःसंशय केले. २०१७-१८ च्या सुमारास राज्यभर दुकानांत बसवलेल्या ई-पॉस यंत्रांमुळे, म्हणजे आधार क्रमांकाशी जोडलेल्या ठशावरून लाभार्थी ओळखून विक्रीची नोंद थेट मध्यवर्ती संगणकावर करणाऱ्या उपकरणांमुळे, कोणत्या दुकानात किती धान्य शिल्लक आहे हे जिल्ह्याच्या कार्यालयाला त्याच दिवशी दिसू लागले. पूर्वी ही माहिती महिन्याच्या शेवटी वहीतून येत असे आणि ती वही कशी भरली जाते हे सर्वांना माहीत होते. परंतु डोंगराच्या कुशीतील दुकानात रेंज नसते, त्यामुळे रेंज मिळेल अशा जागेच्या शोधात यंत्र हातात घेऊन फिरावे लागते. आणि वीटभट्टीवर किंवा माती-कामावर राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असल्याने “अंगठा उठत नाही” हे वाक्य येथल्या दुकानांत दर महिन्याला ऐकू येते. पर्यायी ओळखीची सोय नियमांत आहे, पण ती वापरायची की माणसाला उद्या यायला सांगायचे हे दुकानदाराच्या मर्जीवर राहते, आणि पाड्यावरून आलेल्या माणसासाठी उद्या याचा अर्थ आणखी एक बुडालेली मजुरी असा होतो.

छत्तीसगडने या शतकाच्या पहिल्या दशकात आपली शिधावाटप व्यवस्था सुधारली तेव्हा तेथे संगणकीकरण तर झालेच, शिवाय धान्य वाहणारे ट्रक पिवळ्या रंगाने रंगवण्यात आले आणि ट्रक गोदामातून निघाल्याचा संदेश गावातील नोंदणी केलेल्या लोकांच्या मोबाइलवर जाऊ लागला. त्यामुळे पिवळा ट्रक भलत्याच रस्त्याला दिसला तर विचारणारे गावोगाव तयार झाले. या उदाहरणाचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे, कारण साखळीतील माहिती वरच्या दिशेने, म्हणजे दुकानाकडून मंत्रालयाकडे, वाहण्याची सोय आता बहुतेक राज्यांत झाली असली, तरी ती खालच्या दिशेने, ज्याचा माल आहे त्याच्याकडे, वाहण्याची सोय कमी ठिकाणी आहे. धान्य आले आहे की नाही हे आधी कळले तर पाड्यावरच्या माणसाची एक फेरी वाचते, आणि त्यासाठी लागणारे तंत्रज्ञान साध्या फोनवरच्या संदेशाहून अधिक नाही.

जव्हार-मोखाड्याचे नियोजन अवघड होण्याचे दुसरे कारण असे की येथे माल स्थिर असतो आणि माणसे फिरती असतात. दिवाळीनंतर भाताची कापणी-झोडणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण, पनवेल या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. त्यांच्या भाषेत याला जगायला जाणे म्हणतात, आणि कोणत्याही सरकारी संज्ञेपेक्षा हा शब्दप्रयोग अधिक नेमका आहे. होळीला बरीच मंडळी घरी येतात, काही पुन्हा जातात, आणि आगोटीच्या सुमारास, राब भाजून झाले की पेरणीसाठी सगळी परततात. याचा अर्थ एकाच पाड्याची मागणी ऑक्टोबरात एक, जानेवारीत दुसरी आणि जूनमध्ये तिसरी असते. अंगणवाडीच्या पटावर नाव असलेले मूल जानेवारीत भट्टीवर असते, तेथल्या अंगणवाडीच्या पटावर ते नसते, आणि दोन्ही ठिकाणचा आहार कागदोपत्री योग्य संख्येने पोहोचूनही त्या मुलाच्या वाट्याला येत नाही.

मागणीतील लहानसा चढउतार साखळीतून मागे मागे जाताना मोठा होत जातो, हे व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या ग्रंथात दाखवले, आणि चाबकाची मूठ किंचित हलली तरी टोक जोरात फिरते या साम्यावरून पुढे त्याला चाबूक-परिणाम असे नाव पडले. दुकानातील गिऱ्हाईक थोडे वाढले की किरकोळ विक्रेता थोडी जास्त मागणी नोंदवतो, घाऊक व्यापारी त्याहून जास्त, आणि कारखाना त्याहूनही जास्त उत्पादन करून बसतो, असा त्याचा सर्वसाधारण क्रम आहे. शासकीय पुरवठ्यात मात्र याच्या अगदी विरुद्ध दोष आढळतो. तेथे वरून येणारे नियतन, म्हणजे ठरवून दिलेला मासिक कोटा, पटावरील संख्येवर आणि मागील शिलकीवर बेतलेला असल्याने तो जवळजवळ सपाट असतो, आणि खाली माणसांची भरती-ओहोटी चालू राहते. चाबूक येथे मुठीपाशीच ताठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात शिधापत्रिकेची देवाणघेवाण सुरू झाली आणि पुढे एक देश एक शिधापत्रिका ही सोय देशभर पसरली, तेव्हा या दोषावर धान्यापुरता एक चांगला उपाय निघाला, कारण भट्टीजवळच्या दुकानातूनही आपले धान्य घेता येऊ लागले. पण ते मिळते हे भट्टीवर कोणी सांगितलेले असावे लागते, शिधापत्रिका घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे ठेवून यायची की बरोबर आणायची हा प्रश्न उरतो, आणि पूरक आहार, लस, शाळा यांची पत्रिका तर अजून तशी फिरती झालेली नाही.

वेळ चुकली की पुरेसा मालही निरुपयोगी ठरतो, याचे अलीकडचे उदाहरण खावटीचे आहे. पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांत आदिवासी कुटुंबाने सावकाराकडे जाऊ नये म्हणून १९७८ पासून दिले जाणारे खावटी कर्ज मधल्या काळात बंद पडले होते. कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, शासनाने ते अनुदान म्हणून पुन्हा जाहीर केले आणि प्रत्येक कुटुंबाला ४ हजार रुपये, त्यांतील निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपाने, देण्याचे ठरवले. मंजुरी, लाभार्थ्यांची यादी, निविदा आणि वाहतूक या पायऱ्या ओलांडून वस्तूंचे संच गावोगाव पोहोचायला पुढचे वर्ष उजाडले. मागणी नोंदवल्यापासून माल हाती पडेपर्यंतच्या अवधीला पूर्तता-काल म्हणतात, आणि बाजारातील साखळीत तो मुख्यतः रस्ता आणि कारखाना यांवर ठरतो. सार्वजनिक साखळीत तो बराचसा टेबलांवर ठरतो, ही गोष्ट नियोजनाच्या आराखड्यात उघडपणे मांडली जात नाही. ट्रकला मनोरपासून विक्रमगडमार्गे जव्हारला चढायला लागणाऱ्या वेळेत दहा मिनिटे वाचवून काय साधणार, जर निविदेचे तीन महिने जसेच्या तसे राहणार असतील?

औषधांच्या बाबतीत हाच धडा अधिक कठोरपणे मिळतो. सर्पदंशाचे रुग्ण भातलावणीच्या दिवसांत वाढतात हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला ठाऊक आहे, म्हणजे त्यावरच्या लसीची मागणी बाजाराच्या भाषेत अनिश्चित नाही, ती पंचांगात लिहिलेली आहे. राज्याची औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे एकवटण्यात आली आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण कायद्याने निर्माण करण्यात आले. खरेदी एकवटल्याने दर उतरतात हे खरे, पण एका निविदेला उशीर झाला की तो उशीर राज्यातील प्रत्येक कपाटापर्यंत एकदम पोहोचतो, आणि त्या वेळी मोखाड्याच्या केंद्राकडे जवळच्या दुकानातून थोडे औषध उचलण्याचा अधिकार आणि पैसा दोन्ही पुरेसे असतीलच असे नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप या गावी कोविड लसीच्या सुमारे ३०० मात्रा ड्रोनने नेण्यात आल्या, आणि रस्त्याने पाऊण तासाच्या आसपास लागणारे अंतर दहा मिनिटांच्या आत कापले गेले. लस २ ते ८ अंश तापमानात राखत कारखान्यापासून दंडापर्यंत न्यावी लागते, या अखंड थंडाव्याच्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात, आणि प्रवासाचा वेळ घटला की ती तुटण्याचा धोका घटतो, म्हणून या प्रयोगाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही रवांडासारख्या डोंगराळ देशात २०१६ पासून रुग्णालयांना रक्त पोहोचवणारी ड्रोनसेवा रोजच्या कामाचा भाग झाली, आणि तेथे विमानाइतकेच महत्त्व कोणत्या रुग्णालयाला कोणत्या गटाचे रक्त केव्हा लागते याच्या नोंदीला व मध्यवर्ती साठ्याला मिळाले, हे लक्षात घेतले पाहिजे. उड्डाणाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. नोंदवहीचे येत नाही. पुढे २०२२ च्या पावसाळ्यात मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरून प्रसूत झालेल्या स्त्रीला रस्ता नसल्याने झोळीत घालून न्यावे लागल्याची आणि तिची जुळी बालके दगावल्याची बातमी राज्यभर गाजली. साखळी वरून खाली माल आणते तशी ती खालून वर रुग्णही नेते, आणि दुसऱ्या दिशेची वाहतूक अजून बांबूवर चालते.

येथून बाहेर जाणाऱ्या मालाची कथा वेगळी आहे, आणि काही बाबतींत अधिक आशादायक आहे. बाएफ या संस्थेने वाडीच्या कार्यक्रमातून आंबा-काजूची लागवड रुजवल्यानंतर या पट्ट्यात मोगराही आला. मोगऱ्याची कळी उमलण्याआधी, पहाटे, खुडावी लागते, ओलसर ठेवून बांधावी लागते आणि दादरच्या फुलबाजारात वेळेत पोहोचवावी लागते, कारण उमललेल्या फुलाला तेथे भाव राहत नाही. या साखळीला कोणी निविदा काढलेली नाही. पहाटेची गाडी, ओळखीचा आडत्या आणि फोनवर विचारलेला कालचा भाव यांवर ती रोज चालते, आणि अल्पशिक्षित शेतकरी तासांच्या हिशेबाने नियोजन करू शकतो याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही. त्याच शेतकऱ्याचे भात मात्र आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर आणले की गोदामाची जागा, बारदानाची उपलब्धता आणि भरडाईचा आदेश यांची वाट पाहत पडून राहू शकते. पीक तोच माणूस काढतो, एका साखळीत वेळेची किंमत कोणीतरी मोजतो आणि दुसरीत मोजत नाही, एवढाच दोहोंतील फरक.

साखळी सुधारण्याचा एक मार्ग तिला आखूड करण्याचा असतो. अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तीत बालकांसाठी अंडी व केळी आली, तेव्हा ही खरेदी मध्यवर्ती ठेकेदाराकडे न देता गावातील आहार समितीकडे ठेवण्यात आली. जव्हारच्या बाजारातून आणलेले अंडे शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेल्या पाकिटापेक्षा मुलाच्या तोंडी लागण्याची शक्यता अधिक असते, आणि पुरवठा बिघडला तर कोणाला विचारायचे हेही आईला ठाऊक असते. समितीच्या खात्यावर पैसे उशिरा आले की अंगणवाडीसेविकेला उधारीवर अंडी आणावी लागतात, हा या योजनेचा दुबळा दुवा आहे. आणि तो दुरुस्त करायला ट्रक किंवा ड्रोन लागत नाही, वेळेवर वर्ग केलेली रक्कम पुरते.

या प्रदेशातून अचूक चालणारी एक पुरवठा साखळी मात्र आहेच. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे बांधलेल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची व्यवस्था २०१४ पासून आहे. बोगदे, जलवाहिन्या, भांडुपचे शुद्धीकरण संकुल, प्रत्येक टप्प्यावर मोजमाप, साठ्याचा रोजचा तक्ता आणि कपात करायची झाल्यास आधी दिलेली सूचना, असे नियोजनाच्या पाठ्यपुस्तकात शोभावे असे सगळे तेथे आहे. त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांना टँकर लागतो. म्हणजे या डोंगरांत तंत्रज्ञान पोहोचत नाही किंवा काटेकोर नियोजन शक्य नाही, हे म्हणणे टिकत नाही. दोन्ही येथे केव्हाच आलेली आहेत, आणि साखळीच्या शेवटच्या टोकाला शहर असले की ती नीट चालतात.

यास्तव पुढील विवेचन गोदामापासून सुरू होऊन पाड्याकडे जात नाही. ते पाड्यावरच्या चुलीपासून, कणगीपासून आणि जगायला जाण्याच्या तारखेपासून निघून मागे गोदामाकडे, निविदेकडे आणि अंदाजपत्रकाकडे जाते. हा उलटा क्रम काही वाचकांना गैरसोयीचा वाटेल. तो पत्करण्याचे कारण साधे आहे : बियाणे रोहिणीपूर्वी, धान्य ओहोळ भरण्यापूर्वी आणि सर्पदंशाची लस लावणीपूर्वी पोहोचायची असेल, तर त्या तारखांवरून मागे मोजत गेल्यास खरेदीचा आदेश हिवाळ्यातच निघावा लागतो, हे त्याशिवाय दिसत नाही. मृग नक्षत्र दरवर्षी ७ किंवा ८ जूनला लागते. पुढील प्रत्येक तक्ता वाचताना वाचकाने ही एक तारीख हाताशी ठेवावी.